झाकलेल्या विहिरी

गिरगावात माझ्या आजोळच्या चाळीच्या चौकात एक विहीर होती. तिच्या तोंडावर पक्के झाकण होते, त्यात एक लहानसे लोखंडी दार होते आणि ते उघडे टाकले की मामा रागावत. मुलांनी आत पडू नये म्हणून ही काळजी, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. ते दार मुळात डासांसाठी होते, हे फार उशिरा कळले.

मुंबईचा हिवताप गटारांतून येत नव्हता. तो पसरवणारा ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा डास विहिरी, हौद, कारंजी आणि गच्चीवरच्या टाक्या यांतील स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. शहरातल्या हिवतापाची पाहणी करणारे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरींकडे बोट दाखवले होते, आणि मेजर गॉर्डन कॉव्हेल यांनी १९२८ साली शहराची पुन्हा पाहणी केली तेव्हाही दोष याच घरगुती पाण्याकडे गेला. डीडीटी हे कीटकनाशक अजून आलेले नव्हते. पाण्यावर तेलाचा तवंग, अळ्या खाणारे मासे, पॅरिस ग्रीन या अळ्या मारणाऱ्या विषाची भुकटी आणि घट्ट झाकण एवढीच साधने हाताशी होती. मुंबईच्या उकाड्यात अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे तपासणीची एक फेरी चुकली की आधीचे सगळे श्रम वाया जात.

झाकणाला विरोधही मनापासून होता. विहिरीत देवता किंवा पीर वास करतो, अशी अनेकांची श्रद्धा होती. धर्मविधीच्या पाण्याला सूर्यप्रकाश लागलाच पाहिजे, असे पारशी कुटुंबांचे म्हणणे होते. त्या काळी महापालिकेचे चिटणीस असलेल्या रुस्तम मसानी यांनी अशा हरकती वाचता वाचता विहिरींच्या लोककथांवर १९१८ मध्ये एक पुस्तकच लिहिले. विहीर बुजवण्याऐवजी जाळीचे झाकण चालेल ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते, कारण ज्यांच्या घरात शिरून काम करायचे त्यांचा विश्वास गमावून हे काम झालेच नसते.

आजही पावसाळ्यात महापालिकेचा कीटकनाशक विभागाचा कर्मचारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर येतो, शिडीने टाकीवर चढतो, झाकण उचलून पाण्यात विजेरीचा झोत टाकतो. अळी सापडली तर १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३८१ खाली नोटीस निघते. परवा तो आला तेव्हा मी त्याच्याबरोबर वर गेलो आणि तो खाली उतरेपर्यंत शिडी धरून उभा राहिलो.