पार्किंगमधल्या कविता : नऊ शनिवारांची नोंद

मागच्या वर्षी हाच खटाटोप तिसऱ्या आठवड्यात बारगळला होता, त्यामुळे यंदा नववा शनिवार पार पडल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. परवा तो पार पडला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमच्या साताऱ्यातल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शनिवारी साडेपाचला सतरंजी अंथरते. दुसरी ते चौथीतली मुलं येतात. अकरापासून सुरुवात झाली, मध्ये तीनवर आली, सध्या नऊ. मी शिक्षिका नाही, दिवसभर ऑफिसात आकडे जुळवते. हा निव्वळ छंद. साहित्य म्हणजे मोठ्या अक्षरातल्या प्रिंट, रंगीत खडू, कात्री आणि बिस्किटांचा रिकामा डबा. बिस्किटं पहिल्या पाच मिनिटांत संपतात.

पहिले दोन शनिवार वाया गेले. पहिल्या वेळी मी हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून कविता म्हटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पकडापकडी खेळायला निघून गेली. दुसऱ्या वेळी ‘तुलना’ करायची म्हणून कागदावर दोन रकाने आखले, साम्य आणि फरक. आलेलं उत्तर जसंच्या तसं देते. साम्य : दोन्ही कविता आहेत. फरक : ही मोठी आहे, ती छोटी आहे. चौथीतल्या एकीने तर वर ‘स्वाध्याय’ असं लिहून अधोरेखित केलं आणि मला तारीख विचारली. त्या रात्री रकाने फाडले. बोटात शिक्षकाची लाल पेन नसली तरी डोक्यात असतेच.

तिसऱ्या शनिवारी ठरवलं की अर्थ विचारायचाच नाही. ‘कोणती आवडली?’ हेही नाही. दोन कवितांत एकच गोष्ट सारखी असेल अशी जोडी शेजारी ठेवायची आणि गप्प बसायचं. बाहेर धो धो कोसळत होता, म्हणून ‘ये रे ये रे पावसा’ आणि बालकवींची ‘श्रावणमासी’ घेतली.

पहिलं गाणं सगळ्यांना पाठ. ते इतकं पाठ असतं की कुणी ते ऐकतच नाही. मी फक्त सावकाश म्हटलं : तुला देतो पैसा, पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. दुसरीतल्या मुलाने थांबवलं. ‘काकू, पैसा खोटा होता तर पाऊस का आला?’ झालं. वीस मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही. एक गट म्हणाला, फसवलं म्हणून पाऊस चिडला आणि चिडून मोठा आला. दुसरा म्हणाला, पावसाला पैसे नकोच असतात, आपल्यालाच वाटतं. एकजण म्हणाला, नाणं भिजून खराब झालं असेल. मग शेजारच्या कागदाकडे बोट करून तिसरीतली मुलगी म्हणाली, ‘इथे पावसाला कुणी बोलवतच नाही. तो आपला आपण येतो, आपण जातो.’ क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे. तिने ‘तुलना’ हा शब्द उच्चारला नव्हता, मीही नाही. ‘शिरवे’ म्हणजे पावसाच्या सरी, हे मात्र सांगावं लागलं, कारण ‘सरसर’मुळे अर्ध्या जणांनी तो साप ठरवला होता.

चौथा शनिवार तांत्रिक आहे. ज्यांना छंदाची गोडी नाही त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं, पण माझ्यासाठी तो सगळ्यात मजेचा होता.

एका मुलाची आजी रोज अभंग म्हणते. त्याने ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ म्हणून दाखवलं. मी म्हटलं, बोटांवर अक्षरं मोजू या, जोडाक्षर एकच धरायचं. ‘सुंदर ते ध्यान’ सहा. ‘उभे विटेवरी’ सहा. ‘कर कटावरी’ सहा. ‘ठेवोनिया’ चार. ‘शेवटचा डबा लहान!’ असा आरडाओरडा झाला आणि सहा-सहा-सहा-चार अशा या छंदाचं, म्हणजे मोठ्या अभंगाचं, नाव त्या क्षणी ‘आगगाडी’ पडलं. तुकोबा रागावणार नाहीत अशी आशा. मग सगळे ‘श्रावणमासी’वर तुटून पडले. ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ दहा. ‘हिरवळ दाटे चोहिकडे’ दहा. वा! ‘क्षणात येते सरसर शिरवे’ बारा. चेहरे पडले. कवीचं चुकलं का, असा थेट सवाल आला. मी म्हटलं, बोटं मिटा, चालीवर म्हणा आणि जिथे जोर येतो तिथे टाळी द्या. श्रा-, ह-, हि-, चो-. चार टाळ्या. क्ष-, स-, क्ष-, ऊ-. पुन्हा चार. बोटांचा हिशेब चुकतो आणि टाळ्यांचा जुळतो, हे त्यांना कोडं वाटलं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आठ मात्रांनी एक टाळी, हे सगळं मी गिळून टाकलं. ‘सरसर’ची चार अक्षरं पटापट पळतात आणि ‘मासी’ची दोन रेंगाळतात, एवढंच त्यांनी स्वतः शोधलं. तेव्हापासून कुठलीही नवी कविता आली की पहिला प्रश्न : ‘बोटांची की टाळ्यांची?’

पाचवा : तीन मुलं, एक सर्दी. पत्ते खेळलो.

सहाव्याला बालकवींचीच ‘औदुंबर’ आणली. आठच ओळी. दोन्ही कवितांच्या ओळी कापून डब्यात टाकल्या आणि कुठली ओळ कुठल्या कवितेची ते लावायला सांगितलं. ‘शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे’ ही ओळ झाडून सगळ्यांनी ‘श्रावणमासी’त टाकली. माझंही म्हणणं असं की ती तिथे खपून जाते. ‘हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे’ ही मात्र कुणीच टाकली नाही. ‘काळा’ शब्द आला की हात थांबत होता.

मग खडू दिले. ‘औदुंबर’चं चित्र सगळ्यांना काढता आलं : झरा, चार घरं, टेकडी, पांढरी पायवाट, डोह, पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. ‘श्रावणमासी’चं चित्र काढताना भांडणं. ऊन काढायचं की पाऊस? एकाने कागद मधोमध दुमडला. दुसऱ्याने निकाल दिला, ‘ही फोटो आहे, ती व्हिडिओ आहे.’ हे वाक्य मी त्याच्या नावानिशी कागदावर लिहून मीटरच्या खोलीच्या दारावर चिकटवलंय. दोन्ही एकाच माणसाने लिहिल्या हे सांगितल्यावर आधी अविश्वास, मग ‘मूड बदलला असेल’. कवी आता कुठे राहतात, असं एकीने विचारलं. १८९० मध्ये जन्मले, १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात गेले, २८ वर्षांचेही झाले नव्हते. थोडी शांतता. मग दुसरीतला : ‘कोळशाचं इंजिन होतं का?’ होतं असणार, म्हटलं.

सातवा आणि आठवा शनिवार बहिणाबाईंच्या ‘खोप्या’ने खाल्ला. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे माझा अंदाज दोनदा चुकला.

चौथीत एक मुलगा आहे, वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये भुसावळहून आलेला. सहा आठवडे तो भिंतीला टेकून बसायचा. मी ‘झोका झाडाले टांगला’ वाचलं तेव्हा बाकीचे ‘झाडाले!’ म्हणून हसले. तो म्हणाला, ‘बरोबर आहे ते. आमच्याकडे असंच म्हणतात.’ त्याच्याकडे कागद दिला. त्याने वाचल्यावर माझं वाचन किती सपाट होतं ते कळलं. ‘उलूशीच चोच’ हे शब्द त्याच्या तोंडून चिमुकले होऊन आले. ‘गिलक्याचा कोसा’ कुणालाच कळेना. गिलकं म्हणजे घोसाळं, हे त्यानेच सांगितलं. आमच्या मजल्यावरच्या आजींकडे बियांसाठी वाळवलेलं घोसाळं होतं, ते सोलून आणलं. आतली जाळी हातात घेतल्यावर पुढच्या ओळीत ‘कारागिरी’ का येते ते सांगावं लागलं नाही. मी खूश होऊन पुढच्या आठवड्यात त्यालाच पुन्हा वाचायला सांगितलं, तर म्हणाला, ‘दर वेळी मलाच ते वाचायला लावू नका.’ बरोबर होतं त्याचं. त्याला ‘औदुंबर’ वाचायची होती. वाचली.

दुसरी चूक. पुलाच्या पलीकडे एका विहिरीवर बाभळीला खोपे लटकलेत, तिथे आठवीतल्या ताईला सोबत घेऊन सगळ्यांना नेलं. पिवळ्या डोक्याचे पक्षी विणताना दिसले आणि ताईने बॉम्ब टाकला : खोपा मादी विणत नाही, नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते. खरंच आहे ते. ‘म्हणजे कविता चुकीची!’ असा परतीच्या वाटेवर कल्ला. दोघांनी लगेच दुरुस्तीही केली, ‘सुगरणाचा चांगला’. बोटं मोजली तर मूळच्या ‘सुगरणीचा चांगला’सारखी आठच. आनंदीआनंद. ‘तिची उलूशीच चोच’ऐवजी ‘त्याची’, तरी आठ. मला वाटलं, गेली कविता हातची. तेवढ्यात एका मुलीने ताईला विचारलं, ‘पिलांना कोण खायला घालतं?’ बहुतेक मादीच, नर दुसरा खोपा विणायला निघतो. ‘मग “तिचा पिलामधी जीव” ही ओळ बदलायची नाही.’ शेवटी ठराव झाला : अर्धी कविता त्याची, अर्धी तिची. हा ठराव मला अजूनही पुरता पचलेला नाही, कारण ‘देखा पिलासाठी तिनं’मधला ‘तिनं’ काढला की माझ्या कानाला कविता लंगडते. पण त्यांचे कान त्यांचे.

आठव्या शनिवारी मी दुसरंच काहीतरी आखलं होतं. ‘खोपा इनला इनला’ वाचताना फोटो-व्हिडिओवाला मुलगा उठून जुन्या प्रिंट चाळायला लागला. ‘इनला म्हणजे विणला ना? मग तिकडे पण विणलंय.’ त्याने ‘श्रावणमासी’तली ओळ काढली : इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे. पाच आठवड्यांपूर्वीची कविता, आणि जोडी मी लावलेलीच नाही! कोण विणतंय ते बघा, एवढंच मी म्हटलं. खोप्यात सरळ आहे, पाखरू. इंद्रधनुष्यात शोधाशोध झाली. पुढच्या ओळीत तोरण बांधलंय, तेही ‘कुणी’. भुसावळचा मुलगा म्हणाला, ‘त्यांना माहीत नाही कोणी बांधलं. यांना माहीत आहे.’ मी ऑफिसच्या वहीच्या मागच्या पानावर हे लगेच टिपून ठेवलं.

त्याच दिवशी दोन्ही कवी जळगाव जिल्ह्यातले, बालकवी धरणगावचे आणि बहिणाबाई असोद्याच्या, हे सांगितलं. भुसावळही त्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे तो पोरगा घरी जाताना जवळजवळ उडत गेला.

नववा, म्हणजे परवाचा. बहिणाबाईंचीच ‘अरे संसार संसार’ घेतली आणि तिच्यात नि ‘खोप्या’त ‘जसा’ शोधायला लावला. जसा तवा चुल्ह्यावर, जसा झुलता बंगला, जसा गिलक्याचा कोसा. मग आपापला ‘जसा’, अट एकच, आठ अक्षरं. ‘अरे पाऊस पाऊस, जसा नळ गळतो’ सात भरली. लेखकाने कपाळाला हात लावला, पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि आला : ‘जसा फुटलेला नळ’. आठ. ‘अरे गृहपाठ गृहपाठ’ दहा झाली, काही केल्या बसेना. ‘गृहपाठ कवितेत पण मावत नाही,’ असा शेरा मारून तो विषय बंद.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या तोंडच्या ओळी घरच्यांनी उतरवून ठेवल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं आणि ते बघायला त्या नव्हत्या, १९५१ मध्येच गेल्या होत्या, हे सांगितल्यावर दुसरीतल्या मुलाने डोळे मोठे केले. ‘अक्षरं येत नव्हती, मग आठ कशी मोजली?’ मी उत्तर द्यायच्या आधी अभंगवाल्या आजीचा नातू म्हणाला, ‘टाळ्यांनी.’ जातं फिरवायचा हात आणि ओवी यांबद्दल मी दोन वाक्यं बोलले, पण खरं तर त्याची गरज नव्हती.

पुढे काय : गणपतीमुळे पार्किंग दोन आठवडे मंडळाकडे आहे, तेव्हा गच्चीवर. ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ला जोडी हवी आहे. चंद्राचीच हवी असं नाही, कुणालातरी हाक मारलेली चालेल, पण बारा ओळींच्या आत. कुणाकडे असेल तर सांगा. आणि ‘औदुंबर’ची ‘पायवाट पांढरी’वाली पट्टी हरवली आहे. डब्यात नाही, सतरंजीत नाही. मुलांचं म्हणणं, ती डोहात गेली.