खालची दाढ काढायची तर किती नर्व्ह बधिर करायच्या?

तीन. इन्फिरिअर अल्व्हिओलर, लिंग्वल आणि लाँग बकल. हे उत्तर तोंडपाठ असलेला विद्यार्थीही खुर्चीपाशी दोनच बधिर करतो आणि फोर्सेप्स बाहेरच्या हिरडीला टेकताच पेशंट उडतो. कारण चेहऱ्याची आणि दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नर्व्ह आपण झाडासारखी पाठ करतो: मेंदूपासून खोड, खोडाला तीन फांद्या, मग डहाळ्या. तोंडात मात्र प्रश्न उलट्या बाजूने येतो. समोर एक दात असतो आणि त्याचा पल्प (आतला मऊ गाभा), बाहेरची हिरडी आणि आतली हिरडी यांची संवेदना कोणकोणत्या नर्व्हकडे जाते, हे तिथल्या तिथे सांगता यायला हवे. म्हणून ही नर्व्ह दाताकडून मेंदूकडे वाचायची सवय लावा.

तरी खोड आधी एकदा पाहून घेऊ. ट्रायजेमिनल म्हणजे पाचवी क्रेनियल नर्व्ह, ती ब्रेनस्टेममधल्या पॉन्समधून निघते. तिचे सेन्सरी (संवेदनेचे) मूळ जाड आणि मोटर (स्नायू हलवणारे) मूळ बारीक असते. पेट्रस टेम्पोरल हाडाच्या टोकाशी, मेकेल्स केव्हमध्ये, ट्रायजेमिनल गँग्लियन (नर्व्हच्या पेशींची गाठ) बसलेले असते. तिथून ऑफ्थॅल्मिक शाखा सुपीरिअर ऑर्बिटल फिशरमधून, मॅक्झिलरी फोरामेन रोटंडम या छिद्रातून आणि मँडिब्युलर फोरामेन ओव्हेलमधून बाहेर पडते. पहिल्या दोन्ही शाखा पूर्ण सेन्सरी. मोटर मूळ गँग्लियनच्या खालून सरकत जाऊन फक्त मँडिब्युलरला मिळते, म्हणून चावण्याचे स्नायू तिच्याच वाट्याला येतात.

ऑफ्थॅल्मिकचा दातांशी थेट संबंध नाही. कपाळ, वरची पापणी, कॉर्निया आणि नाकाचा शेंडा एवढे तिचे क्षेत्र ध्यानात ठेवा. नागीण चेहऱ्यावर उठली आणि फोड नाकाच्या शेंड्यावर दिसले, तर डोळ्यालाही धोका असतो, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या डहाळ्या नेझोसिलिअरी नर्व्हच्याच. असा पेशंट तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचा.

मॅक्झिलरीपासून आपले काम सुरू होते. टेरिगोपॅलाटाइन फोसामध्ये (वरच्या जबड्यामागच्या पोकळीत) तिला पोस्टेरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर, म्हणजे पीएसए, फुटते आणि मॅक्झिलाच्या, म्हणजे वरच्या जबड्याच्या, मागच्या भिंतीतून दाढांकडे जाते. मूळ नर्व्ह डोळ्याच्या खोबणीच्या तळातून इन्फ्राऑर्बिटल या नावाने पुढे जाते. वाटेत ती मिडल सुपीरिअर अल्व्हिओलर म्हणजे एमएसए आणि अँटिरिअर सुपीरिअर अल्व्हिओलर म्हणजे एएसए सोडते. शेवटी चेहऱ्यावर येऊन खालची पापणी, नाकाची बाजू आणि वरचा ओठ एवढ्या भागाची जबाबदारी घेते.

दातांची वाटणी अशी: समोरचे दात आणि सुळा एएसएकडे, दोन्ही प्रीमोलर (सुळा आणि दाढा यांमधले दात) आणि पहिल्या दाढेचे मेझिओबकल (पुढचे, गालाकडचे) मूळ एमएसएकडे, बाकीच्या दाढा पीएसएकडे. आता यातली खोच बघा. एमएसए बऱ्याच माणसांत नसतेच, तेव्हा तिचे काम शेजारच्या दोघी वाटून घेतात. म्हणून निव्वळ पीएसए ब्लॉकवर (नर्व्हपाशी औषध सोडून तिचा सगळा भाग बधिर करण्यावर) वरच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनल सुरू केले, तर एका पेशंटला काहीच दुखत नाही आणि दुसऱ्याच्या मेझिओबकल कॅनलमध्ये फाइल जाताच तो हात वर करतो. अशा वेळी दुसऱ्या प्रीमोलरच्या मुळाच्या टोकापाशी वेगळे इन्फिल्ट्रेशन, म्हणजे तेवढ्याच जागेपुरती टोचणी, द्या.

पीएसए ब्लॉक देताना सुई वर, आत आणि मागे अशी तिन्ही दिशांनी एकदम सरकवायची असते. प्रौढात साधारण 16 मिमी पुरते. इथे सुई हाडाला लागत नाही, त्यामुळे थांबायचे कुठे हे हाताला कळत नाही. 20 मिमीची शॉर्ट सुई वापरण्याचे कारण तेच. जास्त आत गेलात तर टेरिगॉइड प्लेक्सस या शिरांच्या जाळ्याला किंवा मॅक्झिलरी आर्टरीला छेद जातो आणि गाल बघता बघता फुगतो. दोन वेगवेगळ्या प्रतलांत अ‍ॅस्पिरेट केल्याशिवाय, म्हणजे दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही हे पाहिल्याशिवाय, औषध सोडू नका.

टाळूची संवेदना वेगळ्याच वाटेने जाते, टेरिगोपॅलाटाइन गँग्लियनमधून. मागच्या टाळूला, पहिल्या प्रीमोलरपर्यंत, ग्रेटर पॅलाटाइन. सुळ्यापासून सुळ्यापर्यंतच्या पुढच्या भागाला नेझोपॅलाटाइन. दोन्ही बाजूंच्या नेझोपॅलाटाइन इन्सिझिव्ह पॅपिलाखाली एकाच ठिकाणी बाहेर येतात, म्हणून एका टोचणीत पुढचा टाळू दोन्हीकडे बधिर होतो. सुळा आणि पहिला प्रीमोलर हा दोघींच्या सीमेवरचा पट्टा आहे. तिथे एकीवर विसंबून दात काढायला गेलात तर आतल्या बाजूला दुखणारच. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते. औषधाला पसरायला जागा नसते, म्हणूनच ही टोचणी एवढी दुखते. ग्रेटर पॅलाटाइनला 0.45 ते 0.6 मिली पुष्कळ झाले. नेझोपॅलाटाइनला त्याहून जास्त कधीच नको. आधी कॉटन बडने दाबून धरा, सोडा अगदी सावकाश आणि श्लेष्मल पडदा पांढरा पडला की थांबा.

आता मँडिब्युलर. फोरामेन ओव्हेलमधून उतरल्यावर छोट्याशा खोडानंतर तिचे दोन भाग होतात. पुढचा भाग जवळजवळ सगळा मोटर असतो, त्यातली एकटी लाँग बकल सेन्सरी. मागचा भाग जवळजवळ सगळा सेन्सरी, त्यातली मायलोहायॉइडची शाखा मात्र मोटर. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे दोन अपवाद फार आवडतात आणि तोंडात त्रासही हेच दोघे देतात.

लाँग बकल रॅमसच्या, म्हणजे खालच्या जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या, पुढच्या कडेवरून ऑक्लूझल प्लेनच्या (दात एकमेकांवर टेकतात त्या) पातळीवर गालात शिरते. खालच्या दाढांची बाहेरची हिरडी आणि गालाचा आतला पडदा तिचा. नाव बकल असले तरी बक्सिनेटर स्नायू ती हलवत नाही. ते काम फेशियल नर्व्हचे. इन्फिरिअर अल्व्हिओलरच्या वाटेपासून ती दूर असल्याने खालच्या ब्लॉकमध्ये ती सापडत नाही. शेवटच्या दाढेच्या मागे, बाहेरच्या बाजूला सुमारे 0.3 मिली वेगळे द्यावे लागते. पहिल्या परिच्छेदातला पेशंट उडाला तो याच विसरण्यामुळे.

मागच्या भागातून ऑरिक्युलोटेम्पोरल, लिंग्वल आणि इन्फिरिअर अल्व्हिओलर निघतात. ऑरिक्युलोटेम्पोरल कानापुढचा भाग, कानशील आणि जबड्याचा सांधा सांभाळते. खालची दाढ किडली आणि पेशंट कान धरून बसला, तर त्याचे मूळ इथे आहे: दोघींचे दुखण्याचे तंतू ब्रेनस्टेममध्ये स्पायनल न्यूक्लिअसच्या एकाच टापूत पोहोचतात आणि मेंदूला नेमकी जागा सांगता येत नाही. खालची दाढ बधिर केल्यावर कान दुखायचा थांबला, तर दोषी दाढच.

लिंग्वल ही इन्फिरिअर अल्व्हिओलरच्या पुढे आणि आतल्या बाजूला असते. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग, जिभेखालची जागा आणि आतली हिरडी तिच्या स्पर्शक्षेत्रात येते. चव तिची नव्हे. ती फेशियलच्या कॉर्डा टिंपनीची, लिंग्वलला वाटेत येऊन मिळालेली. अक्कलदाढेपाशी लिंग्वल हाडाच्या आतल्या कडेला इतकी खेटून असते की फ्लॅप (हिरडीचा उचललेला पदर) आतल्या बाजूला नेताना किंवा बर (हाड कापायचे फिरते टोक) पलीकडे घसरल्यावर तीच आधी जखमी होते.

इन्फिरिअर अल्व्हिओलर मँडिब्युलर फोरामेनमध्ये शिरण्याच्या जरा आधी मायलोहायॉइडची शाखा देते, मग हाडातून पुढे येऊन प्रीमोलरच्या मुळांजवळ दोन वाटा करते. मेंटल बाहेर पडून खालचा ओठ, हनुवटी आणि पुढची बाहेरची हिरडी घेते. इन्सिझिव्ह हाडातच राहून प्रीमोलरपासून पुढच्या दातांना जाते. मेंटल फोरामेनपाशी औषध नुसते सोडले तर ओठ बधिर होईल, दात नाही. दातही हवे असतील तर 0.6 मिली सोडून बोटाने दोन मिनिटे दाब द्या, म्हणजे औषध छिद्रातून आत ढकलले जाईल. सुई मात्र छिद्रात घालायची नाही.

खालचा, म्हणजे इन्फिरिअर अल्व्हिओलरचा, ब्लॉक: 25 गेजची लाँग सुई, सिरिंज दुसऱ्या बाजूच्या प्रीमोलरवर, उंची ऑक्लूझल प्लेनच्या 6 ते 10 मिमी वर, खोली 20 ते 25 मिमी आणि तिथे हाड लागलेच पाहिजे. 1 मिमी मागे घ्या, अ‍ॅस्पिरेट करा, 1.5 मिली किमान एका मिनिटात. हाड निम्म्या वाटेतच लागले तर टोक फार पुढे आहे. थोडे बाहेर घेऊन सिरिंज सुळ्याकडे आणा. लागलेच नाही तर टोक मागे चालले आहे; सिरिंज दाढांकडे फिरवा. हाड न लागताच औषध सोडले, तर ते पॅरोटिड या लाळग्रंथीमध्ये उतरून फेशियल नर्व्हला गाठते आणि त्या बाजूचा डोळा मिटेनासा होतो. काही तासांत हे उतरते, तोवर डोळा बंद करून झाकून ठेवा. लहान मुलांत फोरामेन ऑक्लूझल प्लेनच्या पातळीला किंवा त्याखाली असते, त्यामुळे प्रौढांची उंची तिथे चालत नाही.

जीभ बधिर झाली आणि ओठ नाही, याचा अर्थ औषध वाटेतच लिंग्वलपाशी राहिले. म्हणून “जड वाटतंय का?” एवढे विचारून पुढे जाऊ नका, पेशंट जिभेवरूनच हो म्हणतो. प्रोब घ्या आणि तीन ठिकाणी हलकेच टोचा: प्रीमोलरच्या बाहेरच्या हिरडीला, दाढेच्या आतल्या हिरडीला, दाढेच्या बाहेरच्या हिरडीला. या तीन टोचण्यांत मेंटल, लिंग्वल आणि बकल या तिघींचा हिशोब मिळतो.

तिन्ही ठिकाणी काही जाणवत नाही, ओठही पूर्ण बधिर, तरी दाढ दुखतेच, असेही होते. तेव्हा मायलोहायॉइडच्या शाखेतून पल्पला काही सेन्सरी तंतू जात असण्याची शक्यता धरा आणि दुखणाऱ्या दाताच्या लगेच मागच्या दाताच्या आतल्या बाजूला, मुळाच्या टोकाच्या पातळीवर, थोडे औषध द्या. समोरच्या खालच्या दातांचा प्रकार निराळा: तिथे पलीकडच्या बाजूचे तंतू मध्यरेषा ओलांडून येतात, म्हणून बाहेरून इन्फिल्ट्रेशन जोडावे लागते.

आणि चेहऱ्याचा नकाशा काढताना जबड्याचा कोपरा मँडिब्युलरच्या रंगात रंगवू नका. ती त्वचा ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हची, म्हणजे मानेतल्या सी 2 आणि सी 3 ची. खालचा ब्लॉक उत्तम बसला तरी तिथे टोचलेले पेशंटला कळणारच.