टेप, चुना आणि कोपऱ्यातला फणस

मंगळवारी बेळगावात अनगोळला एका प्लॉटवर बांधकामाआधी झाडं मोजायला गेलो. नकाशात झाडं ७, जागेवर ११. नकाशा काढणारा गाडीतून उतरलाच नसावा.

जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा, खोडावर चुन्यानं नंबर टाकायचा. जांभळाला मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवरच दोन खोडं फुटलेली, म्हणून दोन्हींचा घेर वेगवेगळा घेतला. टेपखालचे मुंगळे हाताला डसले ते वेगळंच.

यादी कन्नडमध्ये द्यायची, म्हणून फणसापुढे हलसु, जांभळापुढे नेरळे लिहीत होतो. कुंपणापलीकडून आज्जी म्हणाल्या, "काय लिहालाय ओ? तोडतायसा काय?"

"नाही आज्जी, कर्नाटकाच्या १९७६ च्या झाडांच्या कायद्यानं तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मी नुसता मोजतोय."

"मग नीट मोजा की."

घेरावरून फणसाचा व्यास ६० सेंटीमीटर निघाला. बांधकामात झाडं जपायच्या ब्रिटिश मानकाप्रमाणे व्यासाच्या १२ पट, म्हणजे ७.२ मीटरपर्यंत मुळांना धक्का नको. नकाशात पाण्याची टाकी २ मीटरवर! संध्याकाळी मालकांना फोन केला. टाकी दुसऱ्या कोपऱ्यात घेऊ म्हणाले. आज्जींना अजून सांगायचंय.