काशाचा टाळ, अन् पोराला हवी चकाकी

पालख्या पुण्यात यायच्या आधीचा आठवडा आमच्या पॉलिशच्या दुकानात नुसता राडा असतो. समया, घंगाळी, तांब्याची भांडी नेहमीचीच, त्यात दिंडीवाल्यांचे टाळ पोत्यानं येतात आणि सगळ्यांना उद्याच पाहिजे असतात.

तसंच एक पोतं घेऊन एक बाबा आले, सोबत नातू. टाळ बहुतेक पितळी, म्हणजे तांबं आणि जस्त, त्याचं काही अवघड नाही. चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ, जास्त नाही हां, आंबटात पितळ विसरलं तर जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात. मग धुवायचं, कोरडं करायचं, बफवर म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर घ्यायचं. पण तळाशी फडक्यात एक जोडी वेगळी गुंडाळलेली, काळी ठिक्कर. नातू म्हणाला, दादा हा पण सोन्यासारखा करा.

हातात घेतल्यावरच वाटलं की हे पितळ नाही. कडेला जरा घासून पाहिलं तर पिवळाधमक नाही, फिकट रंग. कासं. टाळाचं चांगलं कासं म्हणजे ढोबळ मानानं चार भाग तांबं आणि एक भाग कथील, इतकं कथील असलं की नाद लांब जातो पण धातू ठिसूळ होतो, दगडावर पडला तर पितळ चेपतं आणि हे फुटतं. म्हणून आधी वाजवून बघितलं, दोन्ही वाट्या वेगवेगळ्या दोरीला धरून. एकीची आस, म्हणजे वाजल्यावर मागं रेंगाळणारा नाद, संपता संपेना. दुसरी थाड करून गप्प.

बाबा म्हणाले, माऊली, ती दोन वर्षं अशीच बोलतीय, मळ बसलाय म्हणून आणली.

मळानं इतका आवाज जात नाही. मी बफचं बटण दाबलंच नाही. आमचं चाक 2800 आरपीएमनं फिरतं, टाळाची कड त्यात अडकली तर हातातून सुटून समोरच्या भिंतीत जाते, आणि तडा असला तर तुकडेच. शिवाय बफ म्हणजे नुसती चमक नाही, धातू घासून जातो, तापतो ते वेगळंच.

कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, एवढ्यावर मळ काढला. दोरीच्या भोकापाशी फिकट हिरवी भुकटी होती. जुना गडद हिरवा थर असतो तो वेगळा, तो घट्ट बसलेला असतो आणि धातूला त्रास देत नाही. ही भुकटी म्हणजे घामातलं मीठ आत शिरलंय, दमट हवेत ती पुन्हा पुन्हा येते. बांबूच्या काडीनं खरवडली आणि डिस्टिल्ड पाण्यानं धुतलं. (म्हणूनच सांगतो, काशाला मीठ-लिंबू लावू नका, घरोघरी हेच करतात.)

मग जुनी युक्ती. वाटीला रॉकेल लावलं, कोरडी पुसली, वर खडूची पूड टाकली आणि चहा घेतला. परत आलो तर पुडीत केसाएवढी ओली रेघ, कडेपासून आत जेमतेम बोटाच्या पेराएवढी. बाबा बघतच राहिले, म्हणाले गेल्या वारीच्या आदल्या वर्षी पायरीवर पडला होता खरा.

नातू म्हणाला, वेल्डिंग करून टाका ना. अरे, तिथं जाळ लावला की नाद गेलाच समज, आणि तडा पुढं सरकायची भीती ती वेगळीच. एकच करण्यासारखं होतं, रेघ जिथं संपते तिथं बारीक भोक पाडायचं म्हणजे तडा पुढं धावत नाही. खालच्या बाजूला लाकडाचा ठोकळा, हळू ड्रिल, मध्ये मध्ये थांबून. भोक पाडल्यावर रेघेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासत होत्या त्या पातळ कानशीनं जरा मोकळ्या केल्या, कारण तो थाड आवाज त्या घासण्याचाच होता.

दोरी ओवून बाबांनी दोन्ही वाट्या एकमेकींवर टेकवल्या. जोडीदारासारखी आस नाही आली, खोटं कशाला बोलू, पण बोलली. बाबांनी परत परत वाजवला, शेजारचा वेल्डर बाहेर येऊन बघायला लागला.

नातवाचं तोंड पडलेलं, टाळ अजून काळपटच. मग पितळी टाळ तरी लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक थर, मारून द्या म्हणाला. मी नाही मारलं, टाळ एकमेकांवर आपटतात तिथंच लॅकर आधी सुटतं आणि सालपटं निघतात. मेणाचा हलका हात दिला. बाबांनी काशाची जोडी पोत्यात नाही टाकली, गळ्यात अडकवली आणि म्हणाले, पितळेचे किती झाले तेवढं सांगा, याचे वेगळे द्यायचेत.