ॲलिस मेरी स्मिथ ऐकताना

ब्रिटिश बाईने लिहिलेली पहिली सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, म्हणून ॲलिस मेरी स्मिथच्या सिंफनीचं नाव घेतात. म्युझिकल सोसायटी ऑफ लंडनने १८६३ च्या नोव्हेंबरात ती वाजवून पाहिली, तेव्हा ॲलिस चोवीस वर्षांची होती. मान मोठाच आहे, पण 'पहिली बाई' म्हटलं की लोक नमस्कार करून पुढे जातात, ऐकत कुणी नाही. मला ती आवडते ती तिच्या क्लॅरिनेटसाठी.

आमचे मोठे काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. कसबा पेठेतल्या वराती, गणपतीच्या मिरवणुका. ताशाच्या वर सूर निघायला हवा म्हणून तिथे फुंक जोरातच लागायची. घरी मात्र रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची पातळ पट्टी, ओठांत भिजवत बसायचे आणि एकच ओळ, मध्ये श्वास न तोडता, गळ्यातून यावी तशी वाजवायचे. "बोटं सगळ्यांचीच चालतात गं, दम सांभाळता आला पाहिजे," म्हणायचे. त्यांच्याकडूनच मी शिकले.

ॲलिसने १८७० मध्ये क्लॅरिनेट आणि पियानोसाठी सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, लिहिला. प्रसिद्ध जर्मन संगीतकार ब्राम्सचे क्लॅरिनेट सोनाटे आले १८९४ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. हेन्री लाझरस हा इंग्लंडातला त्या काळचा अव्वल वादक. त्याने तो वाजवला, पियानोवर स्वतः ॲलिस होती. मधला संथ भाग तिने १८७२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा लिहिला. तो भाग मी वाजवायला घेते तेव्हा जाणवतं, की या बाईला वादकाची छाती ठाऊक होती. सूर लांबवते, पण गुदमरवत नाही. उगाच बोटांची कसरत नाही. काकांच्या हातात हा कागद द्यायला हवा होता, असं दर वेळी वाटतं.

शिक्षण तिचं खासगीच झालं, स्टर्नडेल बेनेट आणि मॅकफॅरन या इंग्रज संगीतकारांकडे. १८६७ मध्ये फ्रेडरिक मेडोज व्हाइट या वकिलाशी लग्न झालं. लग्नानंतरही लिहिणं थांबलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे. १८७६ मध्ये दुसरी सिंफनी झाली, शेवटच्या चार-पाच वर्षांत समूहगायन आणि ऑर्केस्ट्रासाठी मोठ्या रचना एकामागून एक आल्या. डिसेंबर १८८४ मध्ये ती गेली, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी आपल्याकडे हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली.

मला राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. तिचं 'मेइंग' हे दोघांनी गायचं गाणं इतकं चाललं, की १८८३ मध्ये त्याचे हक्क ६६३ पौंडांना विकले गेले. त्या काळी ही रक्कम साधी नव्हती. दिवाणखान्यात पियानोशेजारी उभं राहून गायच्या गाण्याला गिऱ्हाईक होतं, आणि सिंफन्या मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ हस्तलिखितात पडून! छापील प्रतच नाही तर वाजवणार कोण? बाईची झेप कमी पडली, असं म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब बघावा.

२००५ मध्ये लंडन मोझार्ट प्लेयर्सनी हॉवर्ड शेली यांच्या दिग्दर्शनाखाली दोन्ही सिंफन्या ध्वनिमुद्रित केल्या. क्लॅरिनेटचा तो संथ भागही त्यातच आहे, अँजेला माल्सबरी यांनी वाजवलेला. आधी तो ऐका, मग सी मायनर सुरावटीतली पहिली सिंफनी. पुण्यात पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुलं आता कमी नाहीत. त्यांच्यातल्या क्लॅरिनेटवाल्यांनी हा सोनाटा बसवायला घेतला, तर पियानोची साथ करणारं कुणीतरी मी शोधून देईन.