दुसऱ्या शाळेतली लीला

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, त्याच्या पाठोपाठ २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. वर्षभर माझी आठवण न काढणारे प्राचार्य, ग्रंथपाल आणि मंडळांचे सचिव या दीड महिन्यात एकजात फोन करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यापासून ऑक्टोबरातही एक छोटा हंगाम सुरू झालाय. विषय ठरलेला असतो, 'संगणक युगातील मराठी'. मी हो म्हणते आणि प्रत्यक्षात फॉन्टवर बोलते. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. मला वाटतं, विषयाकडे कुणाचं फारसं लक्षच नसतं.

पोटापाण्यासाठी मी ॲपचे मराठी स्क्रीन बनवते. फॉन्टचा नाद त्याआधीपासूनचा आणि गॅजेट्सचा त्याहून जुना. दोन्ही नाद खिशाला परवडणारे नाहीत, पण भाषणाच्या निमित्ताने एकाच पिशवीत मावतात.

पिशवीत काय असतं? प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय आणि व्हीजीए, दोन्हींची जोडणी. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांत व्हीजीए अजून ठणठणीत आहे आणि ती निळी, दोन स्क्रूवाली पिन बघितली की मला उगाच बरं वाटतं. क्लिकर, त्याचे जादा सेल. सराफ वापरतात तसलं डोळ्याला लावायचं भिंग. एक बोरू, कारण स्टेजवर सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच मिळतात. देवनागरीसाठी त्याची चोच रोमनच्या उलट बाजूने तिरपी कापतात, एवढं दाखवलं तरी मागच्या बाकावरची मुलं मोबाइल खाली ठेवतात. आणि ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं वाचनयंत्र. भाषणाचे मुद्दे मी त्यावर वाचते. तोंडावर उजेड पडत नाही, मधेच कुणाचा मेसेज उगवत नाही, आणि त्याच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये मी 'मुक्ता' हा फॉन्ट टाकून ठेवलाय. मोठ्या आकारात लावला की चष्मा कपाळावर सरकवूनही दिसतो.

पण पिशवीतली खरी कामाची वस्तू म्हणजे एक वाक्य:

दुसऱ्या शाळेतल्या लीलाने ॲपवर विठ्ठलाची मूर्ती बघून शिट्टी मारली.

अर्थ शोधू नका. हॉलमधल्या संगणकावर पोचल्या पोचल्या मी हे टाइप करते आणि त्या मशीनचं मराठी किती पाण्यात आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं. 'दुसऱ्या'तला ऱ्य नीट आला पाहिजे. तो ऱ पासून बनतो. साध्या र ने टाइप केलं तर वर रफार चढतो आणि 'दुसर्या' होतं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे दर अक्षराला संगणकात ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टात तिथे रिकामी चौकट दिसते. म्हणून कित्येक जण अजून अ वर चंद्र देऊन काम भागवतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण शोधताना एक प्रकार सापडतो आणि दुसरा लपून बसतो. 'विठ्ठला'चा ठ्ठ एकाखाली एक बसतो की पाय मोडून शेजारी उभा राहतो, ते फॉन्टच्या घडणीवर. 'मूर्ती'त वेलांटीवर रफार, म्हणजे ओळीचं सगळ्यात उंच टोक. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं असलं की हा रफार वरच्यावर छाटला जातो. आणि 'शिट्टी'. ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या पोटात श नंतर साठवलेली असते आणि दाखवताना श च्या अलीकडे आणावी लागते. हे काम ज्या सॉफ्टवेअरला येत नाही तिथे ती श ओलांडून ट्टीच्या अंगावर जाऊन पडते.

राहिले ल आणि श. इथे मी भाषणातही जरा रेंगाळते. युनिकोडमध्ये ल एकच आहे, हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा असं नाही. रूप ठरवतो फॉन्ट. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला, पण बहुतेक फॉन्ट उघडले की समोर येतो उभ्या दंडाचा ल. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुरावर 'भाषा: मराठी' अशी खूण केली की मराठी रूप पुढे येतं. ही खूण करायची तसदी मात्र फारसं कुणी घेत नाही. त्यातल्या त्यात सोपी वाट म्हणजे 'टिरो देवनागरी मराठी'. टिरो या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्ट काढलेत; मराठीचा घेतला की ल आपोआप आपला येतो. पुस्तकी वळणाचा आहे, फुकट आहे, निमंत्रणपत्रिकेला शोभतो. तरी पत्रिका येते ती पॉपिन्स नावाच्या फॉन्टमध्ये. पॉपिन्स वाईट नाही हो. पण लग्न, क्लासची जाहिरात आणि दहाव्याचा निरोप तिन्ही त्याच गोल गरगरीत अक्षरात आलं की कशाला जायचंय ते कळत नाही.

स्टेजमागच्या फ्लेक्सची गोष्ट वेगळीच. एका गावी माझ्या नावाखालची ओळ अशी छापली होती की दर अक्षरानंतर शिरोरेषा तुटलेली. इंग्रजीत अक्षरं मोकळी करतात तशी कुणीतरी ही मोकळी केली होती. कार्यक्रमानंतर मी मुद्दाम फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले. माणूस मोठा उमदा. त्याने चहा मागवला आणि अडचण दोन वाक्यांत मांडली. "ताई, व्हॉट्सॲपवर येतो तो मजकूर आमच्यात चिकटत नाही. मग परत टाइप करा, नाहीतर कन्व्हर्टरमधनं काढा, तिथं जोडाक्षरं फुटतात." त्याच्याकडचे सगळे फॉन्ट जुन्या पद्धतीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. फॉन्ट काढला की खाली उरते इंग्रजी अक्षरांची खिचडी. पण त्या फॉन्टांवर त्याचा हात इतका बसलाय की माझ्या देखत त्याने वाढदिवसाचा एक फलक चहा निवायच्या आत जुळवला. त्याला 'युनिकोड वापरा' म्हणणं सोपं आहे. त्याच्या दिवसाच्या कामाचं काय, ते सांगणाऱ्याने सांगावं. मी त्याला 'बाळू' आणि 'मोदक' हे युनिकोड फॉन्ट दाखवले, दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे. मोदकाचं ते तुडुंब पोट बघून तो म्हणाला, "हा गणपतीत चालंल." त्याचं नवं मशीन आलं की बसवून द्यायचं कबूल केलंय.

'मंगल' फॉन्टवर विनोद करायची आमच्या मंडळींत फॅशन आहे. मला ती आवडत नाही. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या प्रा. र. कृ. जोशींनी केलेला हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. त्या काळच्या पडद्यावर, बारीक आकारात, मेन्यूमधली मराठी वाचता यावी हे त्याचं काम आणि ते त्याने चोख केलं. पडद्यासाठीची अक्षरं आपण पीएचडीच्या प्रबंधात आणि कोनशिलेवर वापरली, त्यात मंगलचा काय दोष?

स्लाइडसाठी मी स्वतः मुक्ताच वापरते. सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या सात पायऱ्या, आहेत त्यात. कॉलेजच्या थकलेल्या प्रोजेक्टरवर बारीक वजनं धुऊन जातात, म्हणून मधल्याच्या खाली मी उतरत नाही. लांबलचक शीर्षक असलं तर 'अनेक' नावाचा फॉन्ट, कारण त्याची रुंदीही कमी-जास्त करता येते. आणि दर भाषणात एक तरी स्लाइड 'यात्रा वन'मध्ये. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलाय. मुंबईत वाढलेला कुणीतरी हॉलमध्ये असतोच आणि तो हसतो. सगळ्या स्लाइड शेवटी पीडीएफ करून पेनड्राइव्हवर, दुसऱ्याच्या मशीनवर मी भरवसा ठेवत नाही.

भिंगाखाली दाखवायला एक जुनं पंचांग नेते, निर्णयसागरचं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या या छापखान्याच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, ख्याती होती. भिंगातून बघितलं तर मात्रेचा खिळा अक्षराला जिथे भिडायचा तिथे केसाएवढी फट दिसते. एका मुलीने भिंग बराच वेळ डोळ्याला धरून ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे तेव्हाही जोडाक्षरं फुटायची?" हा प्रश्न मी पुढच्या भाषणात सरळ स्लाइडवर घेतला.

मानधनाबद्दल न बोललेलं बरं. शाल, श्रीफळ आणि हल्ली एक रोपटं. रोपट्यांची बाल्कनी झाली आहे.

यंदाच्या पहिल्या निमंत्रणाला उत्तर देताना मी आयोजकांना लीलाचं वाक्य आधीच पाठवलं. तुमच्या हॉलच्या संगणकावर उघडून फोटो पाठवा, अशी विनंती केली. संध्याकाळी सरांचा मेसेज आला: "मॅडम, ओळ मिळाली. निमंत्रणपत्रिकेत आपल्या परिचयाच्या वर टाकू की खाली?"