तुम्ही विचारलंत म्हणून: मुद्दाम की चुकून?

गाझा, युक्रेनमधलं खेरसन, अफगाणिस्तानातलं कुंदूझ, कुठल्याही शहरातून ॲम्ब्युलन्सवर किंवा हॉस्पिटलवर हल्ल्याची बातमी आली की मला हाच प्रश्न येतो. व्याख्यानानंतर चहा घेताना येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येतो. युद्धातल्या वैद्यकीय सेवेचे नियम शिकवणं हे माझं काम, म्हणून माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर तयार असेल असं धरलेलं असतं. ते दिलं नाही की "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूच्या" असं ऐकावं लागतं, आणि हे "ते" कोण हे विचारणाऱ्यागणिक बदलतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी खुणेबद्दल, म्हणजे गाडीवरच्या लाल क्रॉसबद्दल किंवा लाल चंद्रकोरीबद्दल. "एवढा मोठा क्रॉस, एवढी मोठी चंद्रकोर दिसत नाही का?" दिवसा, नुसत्या डोळ्यांनी, दिसते. पण शहरातल्या लढाईत गोळी झाडणारा पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनी बघत नसतो. तो थर्मल कॅमेऱ्यातून किंवा रात्रीच्या दुर्बिणीतून बघतो. थर्मल कॅमेऱ्याला रंग कळत नाही, उष्णता कळते. एकाच पत्र्यावरचा साधा लाल रंग आणि पांढरा रंग सारखेच तापलेले असतात, त्यामुळे पडद्यावर दोन्ही मिळून एकच करडा पट्टा. इंजिन, चाकं आणि माणसं उजळ दिसतात, खूण विरघळून जाते. रात्रीच्या दुर्बिणीची अडचण वेगळी. लाल रंग अवरक्त किरण चांगलेच परावर्तित करतो, म्हणून पांढऱ्यावरचा लाल तिथे फिका पडतो. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. युद्धात जखमींना आणि नागरिकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या 1993 मध्ये सुधारलेल्या परिशिष्टात स्पष्ट सुचवलं आहे की लाल भागाखाली काळ्या प्रायमरचा हात द्यावा, म्हणजे अवरक्त उपकरणांना खूण ओळखता येईल. अंधारात खुणेवर उजेड सोडता येतो असंही त्यात आहे. थर्मलसाठी खास चिकटपट्टी मिळते, तिचा भाग आजूबाजूच्या पत्र्याहून वेगळा उमटतो. आता वेढा पडलेल्या ज्या शहरात डिझेल आणि टायर मिळायची मारामार, तिथे ही पट्टी कुठून आणायची?

आणि खूण दिसली नाही म्हणून संरक्षण जात नाही. संरक्षण गाडीला तिच्या कामामुळे मिळतं, खूण ते फक्त दाखवते. आपल्याकडे मेडिकलच्या पाटीवर आणि डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर लाल क्रॉस सर्रास रंगवलेला असतो. 1960 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानुसार परवानगीशिवाय तसं करता येत नाही, पण ते बाजूला ठेवू. बघून बघून त्या क्रॉसचा अर्थ आपल्या डोक्यात "इथे औषध मिळतं" असा बसला आहे. त्याचा खरा अर्थ "गोळी झाडू नका" असा आहे.

"पण आत शस्त्रं असतात त्याचं काय?" हा दुसरा प्रश्न, आणि तो विचारताना आवाज थोडा चढलेला असतो. गैरवापर होतो, मी ते लपवत नाही. 27 जानेवारी 2018 ला काबूलच्या गर्दीच्या रस्त्यात स्फोटकांनी भरलेली ॲम्ब्युलन्स उडवली गेली आणि शंभरच्या आसपास माणसं मेली. 30 जानेवारी 2024 ला वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या इब्न सिना हॉस्पिटलात इस्रायली पथक डॉक्टर-नर्सच्या आणि साध्या कपड्यांत शिरलं आणि तिघांना ठार मारून गेलं. मुंबईकरांना तर हे वेगळं सांगायला नको. 26/11 च्या रात्री कामा हॉस्पिटलशेजारच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर यांना मारल्यावर दहशतवाद्यांनी पोलिसांचीच क्वालिस पळवली आणि मेट्रो सिनेमापाशी त्याच गाडीतून लोकांवर गोळ्या झाडल्या. असं एकदा घडलं की पुढच्या प्रत्येक खऱ्या गाडीकडे संशयाने बघितलं जातं, आणि त्याची किंमत खऱ्या गाडीतले लोक मोजतात.

पण 1949 मध्ये जिनिव्हा करार लिहिणारे लोकही महायुद्धातून आलेले होते, त्यांना फसवणूक माहीत होती. चौथ्या कराराच्या 21 व्या कलमाने जमिनीवरून जाणाऱ्या वैद्यकीय ताफ्यांना हॉस्पिटलसारखंच संरक्षण दिलं. 19 व्या कलमात ते कधी जातं हे सांगितलं: शत्रूला घातक कृत्यासाठी जागा वापरली तर, आणि तेही आधी इशारा देऊन, शक्य तिथे वाजवी मुदत देऊन, आणि तो इशारा धुडकावला गेल्यावर. जखमी लढवय्यावर उपचार करणं हे घातक कृत्य नव्हे. त्याच्याकडून काढून घेतलेली आणि अजून जमा न केलेली बंदूक आत सापडणं, हेही नव्हे. "आत एक अतिरेकी होता म्हणे" असं म्हणून जो विषय संपवला जातो, तो कायद्यात तिथे संपत नाही.

मग समन्वय, म्हणजे निघण्याआधी समोरच्या सैन्याला कळवून त्याचा होकार घेणं. गाझात रेड क्रिसेंटचा, म्हणजे तिथल्या रेड क्रॉससारख्या संस्थेचा, नंबर 101. फोन आला की कंट्रोल रूम जागा, जखमींची संख्या, गाडी, आत किती जण, कोणता रस्ता हे टिपून घेते. हे संपर्क अधिकाऱ्याकडे जातं, तिथून समोरच्या सैन्याच्या समन्वय कार्यालयाकडे, मग मुख्यालय, ब्रिगेड, बटालियन, कंपनी, आणि सर्वांत शेवटी रणगाड्यात बसलेल्या चौघांपर्यंत. होकार त्याच वाटेने उलटा येतो. प्रत्येक हातात वेळ जातो आणि प्रत्येक हातात काहीतरी गळतं. रस्त्याचं स्थानिक नाव आणि लष्करी नकाशावरचा चौकोन जुळत नाही. तुकडी बदलते आणि नव्या तुकडीला निरोप मिळत नाही. ज्या तुकडीला कळवलं तिच्या शेजारच्या तुकडीला कळवलेलं नसतं. दिलेली वेळ ढिगाऱ्यातून वाट काढण्यात निघून जाते. मांडीची मोठी धमनी फुटली तर दाबपट्टी बांधायला मिनिटं असतात, आणि होकार यायला तास लागतात.

29 जानेवारी 2024 ला गाझा शहराच्या तेल अल-हवा भागात एका मोटारीत नातेवाइकांच्या मृतदेहांमध्ये अडकलेली एक लहान मुलगी फोनवर मदत मागत होती. ॲम्ब्युलन्स तीनेक किलोमीटरवर होती. होकार यायला तीन तास गेले. सांगितलेल्या रस्त्याने दोघं निघाले, मोटारीजवळ पोहोचले आणि संपर्क तुटला. बारा दिवसांनी, 10 फेब्रुवारीला, जळालेली ॲम्ब्युलन्स मोटारीपासून हाकेच्या अंतरावर सापडली. इस्रायली सैन्याने म्हटलं, आमचे जवान तिथे नव्हतेच. पत्रकारांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दाखवलं की त्या भागात चिलखती गाड्या होत्या. हा समन्वय केलेला प्रवास होता.

आता गाझाच्या दक्षिण टोकाचं रफाह. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझं जुनं उत्तर इथेच मोडलं.

23 मार्च 2025, पहाट, रफाहचा तल अस-सुल्तान भाग. हवाई हल्ल्यातल्या जखमींसाठी एक ॲम्ब्युलन्स निघाली आणि चारच्या सुमारास तिच्यावर गोळीबार झाला. आतले दोघं मेले, एक वाचला आणि पकडला गेला. तिच्याशी संपर्क तुटला म्हणून आणखी ॲम्ब्युलन्स आणि नागरी संरक्षण दलाची अग्निशमन गाडी शोधायला गेली. इथे थांबून सांगायला हवं की प्रशिक्षणात आम्ही उलटं शिकवतो: पहिली गाडी गप्प झाली की दुसरी सुरक्षित अंतरावर उभी करा, माहिती मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर्गात हे बरोबर वाटतं. पण आत आपलेच सहकारी रक्त सांडत असतील तर थांबायचं किती वेळ, याचा आकडा कुठल्याही पुस्तकात नाही.

ताफा पहिल्या गाडीजवळ थांबला. माणसं भराभर उतरली. गोळीबार सुरू झाला आणि कितीतरी मिनिटं चालला. पंधराएक मिनिटांनी संयुक्त राष्ट्रांची एक गाडी आली, तिच्यावरही. एकूण पंधरा जण मेले: रेड क्रिसेंटचे आठ, नागरी संरक्षणाचे सहा, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा एक. गाड्या चेचून मातीत ढकलल्या गेल्या. बहुतेक मृतदेह आठवड्याने, 30 मार्चला, वाळूखालून काढले. अंगावर गणवेश होते.

सैन्याचं पहिलं निवेदन असं होतं की गाड्या हेडलाइट आणि आपत्कालीन दिवे बंद ठेवून संशयास्पद रीतीने येत होत्या. मग मेलेल्यांपैकी एकाच्या फोनमधला सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ बाहेर आला. हेडलाइट चालू, छतावरचे दिवे फिरणारे, खुणा स्पष्ट, माणसांच्या कपड्यांवर चमकत्या पट्ट्या. चित्रण करणारा शेवटी आईची क्षमा मागतो. निवेदन बदललं. 20 एप्रिलला अंतर्गत चौकशी आली: "व्यावसायिक चुका", आदेशभंग, घटना पूर्ण न कळवणं. टेहळणी बटालियनच्या उपप्रमुखाला अपुरा आणि चुकीचा अहवाल दिल्याबद्दल काढलं, ब्रिगेडप्रमुखाला ताकीद मिळाली. मेलेल्यांपैकी सहा जण हमासचे होते असा दावा झाला, तो रेड क्रिसेंटने फेटाळला. पण एकाही वैद्यकीय कर्मचाऱ्याकडे शस्त्र नव्हतं आणि एकाही गाडीत शस्त्र सापडलं नाही, हे सैन्याच्याच अधिकाऱ्याने मान्य केलं.

चौकशीतली एक गोष्ट मला सोडत नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाड्या वेगाने आल्या, थांबल्या, माणसं झपाट्याने उतरली, म्हणून हल्ला वाटला. आणि फिरते दिवे ड्रोनच्या रात्रीच्या कॅमेऱ्यात आणि रात्रीच्या चष्म्यात कमी दिसतात. आता विचार करा, ॲम्ब्युलन्सचे लोक आणखी काय करतात? वेगाने येतात, थांबतात, झपाट्याने उतरतात. तेच तर शिकवलेलं असतं. त्यांचं काम नीट करणं हेच हल्ल्याचं लक्षण ठरत असेल, तर सुरक्षित राहायला त्यांनी काय करायचं? सावकाश उतरायचं?

समन्वयाचं इथे काय? सैन्य म्हणालं, केला नव्हता. रेड क्रिसेंट म्हणालं, तो भाग परवानगी लागणाऱ्या पट्ट्यात नव्हताच. तेल अल-हवात समन्वय केला होता आणि दोघं गेले. इथे नव्हता आणि पंधरा गेले.

म्हणजे मुद्दाम की चुकून? थांबा, कुंदूझ सांगते. 3 ऑक्टोबर 2015 ला अमेरिकी विमानाने तिथल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या हॉस्पिटलवर मारा केला, 42 माणसं मेली. हॉस्पिटलचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले होते. विमान ठरल्या वेळेआधी निघालं, मारा न करण्याच्या जागांची यादी चमूकडे नव्हती. लक्ष्य म्हणून दिलेल्या अक्षांश-रेखांशावर उपकरण मोकळं शेत दाखवू लागलं, तेव्हा वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत निवडली गेली. मारा सुरू असताना हॉस्पिटलमधून फोन गेले, तरी तो अर्धा तास चालला. सोळा जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, फौजदारी खटला कुणावरही नाही. हिला "चूक" म्हणतात. मी तिचे भाग मोजते: यादीशिवाय उडायचं ठरवणारा कुणीतरी होता, शंका असताना झाडायचं ठरवणारा कुणीतरी होता, फोन आल्यावर थांबवायला उशीर करणारा कुणीतरी होता. शंका आली तर नागरिक समजावं आणि शक्य ती खात्री करावी, ही जबाबदारी झाडणाऱ्यावर आहे. ती टाळणं हा निर्णय असतो, मनात द्वेष असो वा नसो. तरी रफाहमध्ये त्या क्षणी त्या माणसांच्या मनात काय होतं, हे मी कोर्टाशिवाय ठरवणार नाही. तुम्हाला हे पळवाटेसारखं वाटतं, मलाही कधी कधी वाटतं.

एक कबुली द्यायची आहे. वर्षानुवर्षं मी सांगत आले: खूण नीट लावा, दिवे चालू ठेवा, समन्वय पक्का करा, दोन गाड्यांत शंभर मीटर अंतर ठेवा, नाक्यावर आतला दिवा लावा, हात दिसू द्या, मग धोका खूप उतरतो. यातलं एकही वाक्य चूक नाही. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात असं बसलं की नीट वागलं तर वाचतो, आणि मग मेलेल्याने काहीतरी चुकवलं असणार. हा दोष मी मेलेल्यांच्या माथी मारला. माझी तेव्हाची बाजूही मांडते: सुरक्षेचे नियम शिकवले नसते तर नाक्यांवर आणखी माणसं मेली असती, असं मला अजून वाटतं.

आणि खेरसनने उरलासुरला आधार काढून घेतला. तिथे छोट्या ड्रोनच्या कॅमेऱ्यातून चालवणाऱ्याला गाडी काही मीटरवरून दिसते, दिवसाउजेडी, रंगासकट. थर्मल नाही, धूळ नाही, काळ्या प्रायमरचा प्रश्न नाही. तरी ॲम्ब्युलन्सवर ड्रोन पडतात. युक्रेनमध्ये बरेच चमू आता क्रॉस खरवडून काढतात, गाडीला मातकट रंग देतात, छतावर ड्रोनचे सिग्नल अडवणारे जॅमर बसवतात, आणि ड्रोन अडवायला रस्त्यांवर जाळ्या ताणलेल्या असतात.

"क्रॉस ठेवू की काढू?" असं तिथल्या ड्रायव्हरने विचारलं तर पूर्वी मी क्षणाचाही विचार न करता "ठेव" म्हटलं असतं: काढलास तर झाडणाऱ्याला "कळलं नाही" म्हणायची सोय होते. आता रात्री खेरसनच्या रस्त्यावर निघणाऱ्या माणसाला "ठेव" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "काढ" म्हणायला गेले तर रफाहचा व्हिडिओ आठवतो. दिवे बंद होते हे विधान मागे घ्यावं लागलं, ते त्या माणसांनी दिवे चालू ठेवले होते आणि खुणा झाकल्या नव्हत्या म्हणूनच.